लेप्टोस्पायरोसिस : नावात दडलेला आजार

पावसाळ्यात भातलावणीला वेग आला, की सिंधुदुर्गात एका लांबलचक नावाची धास्ती वाढते. ते नाव म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. बोलण्यात त्याचे नुसते 'लेप्टो' होते. पूर्ण शब्द उलगडल्यास मात्र आजाराची ओळख त्यातच सापडते.

उच्चार : या शब्दाचे पाच उच्चारघटक पडतात : लेप्-टो-स्पाय्-रो-सिस. इंग्रजीत आघात चौथ्या घटकावर, म्हणजे 'रो'वर येतो. देवनागरीत 'प्टो' हे जोडाक्षर असले, तरी बोलताना 'प्' मागच्या 'ले'ला चिकटतो. 'स्पा'मधील 'स्' मात्र पुढच्या घटकाचा आहे. 'लेप्टोस-पायरोसिस' अशी फोड केल्यास अर्थ तुटतो.

घटक : ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे बारीक, लॅटिन 'स्पायरा' म्हणजे वेटोळे आणि 'ओसिस' हा विकारवाचक ग्रीक प्रत्यय. ट्युबरक्युलोसिसमध्येही तोच आहे. थोडक्यात, बारीक, वेटोळ्या जंतूमुळे होणारा विकार. श्वसनक्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरमधील 'स्पायरो' मात्र श्वास या अर्थाच्या निराळ्या धातूपासून आला आहे.

इतिहास : जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये या आजाराच्या तीव्र रूपाचे वर्णन केले. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी त्याचा जंतू शोधला. 'लेप्टोस्पायरा' हे नाव हिदेयो नोगुची यांनी दिले. जंतूचे टोक प्रश्नचिन्हासारखे वळलेले असल्याने त्याच्या एका प्रजातीस 'इंटरोगन्स' म्हणतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती.

प्रसार व लक्षणे : उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून जंतू कुणग्यातील पाण्यात उतरतो व पायाच्या जखमांतून, भेगांतून शरीरात शिरतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे ही प्रमुख लक्षणे होत. पुढे कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. केवळ कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधात दिवस घालवणे जिवावर बेतू शकते.

खबरदारी : जखम झाकावी, शक्यतो गमबूट वापरावेत. जोखीम असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन दिले जाते. ताप आल्यास डॉक्टरांना 'चिखलात काम केले होते' हे आवर्जून सांगावे. लांब नाव उच्चारता आले नाही तरी चालेल. निदानाला या एका वाक्याची मोठी मदत होते.