औषध होते, पण मिळत नव्हते : मांजरांच्या एफआयपीचा इतिहास

रेमडेसिव्हिर हे नाव महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात औषध दुकानांपुढच्या रांगांत उभे राहून पाठ केले. त्याच औषधाचे एक भावंड तेव्हा जगभर चोरवाटांनी विकले जात होते, आणि त्याचे रुग्ण मांजरे होती. आजचा धागा त्याविषयी.

एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस. याचे बळी प्रामुख्याने दोन वर्षांखालील मांजरे. कालपर्यंत पडद्यावर चढणारे पिल्लू खाणे सोडते, ताप उतरत नाही, अनेकदा पोट पिवळट, चिकट द्रवाने फुगते. १९६३ मध्ये बोस्टनच्या एंजेल मेमोरियल पशुरुग्णालयातील जीन होल्झवर्थ यांनी या विकाराची नोंद केली. रोगाला नाव मिळाले १९६६ मध्ये.

कारण उलगडायला मात्र दशके लागली. मांजरांच्या आतड्यात आढळणारा एक कोरोना विषाणू बहुधा निरुपद्रवी असतो. क्वचित एखाद्या मांजराच्या शरीरातच तो रूप बदलतो आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच वाढू लागतो. म्हणूनच एकाच घरातील दोन भावंडांपैकी एक दगावते, दुसरे धडधाकट राहते. आपल्याच हातून काही चुकले, असे पाळणाऱ्यांना वाटत राहते. ते बहुतांशी निराधार आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत नाकात टाकण्याची एक लस आली, पण तिची उपयुक्तता वादातच राहिली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील निल्स पेडरसन यांनी या रोगाचा अनेक दशके अभ्यास केला. गिलियड कंपनीने दिलेला जीएस-४४१५२४ हा रेणू त्यांच्या गटाने आजारी मांजरांवर वापरला. २०१९ चे निष्कर्ष असे : ३१ मांजरे, पाच उपचार पूर्ण होण्याआधीच गेली, २६ जणांनी किमान १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला, अहवाल प्रसिद्ध होताना २४ जिवंत होती. ज्या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूची तारीख, त्याच्या बाबतीत हे आकडे अविश्वसनीय होते.

आणि इथेच गाडी अडली. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर मुख्यतः याच रेणूत रूपांतरित होते. मांजरांवरील वापराने माणसांच्या औषधाच्या मंजुरीत अडथळा येईल, ही कंपनीची भीती होती, असे पेडरसन यांचे म्हणणे. पशुवापराचा परवाना मिळाला नाही.

मग चीनमध्ये बनलेल्या बेनामी कुप्या फेसबुक गटांतून घरोघरी पोहोचल्या. रोज एक झोंबणारे इंजेक्शन, ८४ दिवस, तेही बहुधा घरच्यांनीच टोचलेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असा भाग हा, की या बेकायदा उपचाराचे दप्तरही सामान्य माणसांनीच ठेवले : वजन, ताप, मात्रा. २०२१ मध्ये अशा ३९३ मांजरांच्या पालकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, त्यातील ९६.७ टक्के मांजरे जिवंत होती. (हा आकडा जपून वाचावा. ज्यांचे मांजर पहिल्याच आठवड्यात गेले, ते असे अर्ज भरायला सहसा येत नाहीत.)

१९९८ मध्ये ‘काही करता येत नाही’ हे पशुवैद्याचे उत्तर खरे होते. २०२० मध्ये तेच उत्तर ऐकून पिल्लाला कायमचे झोपवणाऱ्यांना ते अर्धेच सांगितले गेले.

ब्रिटनमध्ये कायदेशीर मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये साथ उसळली, तेव्हा सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांना देऊ केल्या. अमेरिकेत हे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीवर बनवून मिळू लागले ते जून २०२४ मध्ये.