हुणसूरची वाट आणि 'जावा'चा वारसा

म्हैसूरहून मडिकेरीकडे निघाले की सुमारे ४५ किलोमीटरवर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हुणसूर लागते. एकोणिसाव्या शतकात हे गाव अमृतमहाल बैलांसाठी प्रसिद्ध होते. लष्करी तोफा आणि रसद ओढणाऱ्या या चपळ, काटक बैलांचा सरकारी कारभार येथून चाले. पुढे विसाव्या शतकात याच रस्त्यावर म्हैसुरात घडवलेली मोटारसायकल धावू लागली. तिचे नाव 'जावा', आणि या नावात एक जर्मन शब्द दडलेला आहे.

त्या शब्दाचा माग काढताना जर्मनीत जावे लागते. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोल इंजिन बसवून एक दुचाकी तयार केली. तिची शक्ती जेमतेम अर्धा अश्वशक्ती आणि वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर होता. तोल सावरण्यासाठी दोन्ही बाजूंना लहान चाके होती. पुढच्याच वर्षी कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकली विक्रीसाठी बनवण्यास आरंभ केला. सायकली बनवणाऱ्या 'वांडरर' या केम्निट्झच्या कंपनीनेही १९०२ पासून हा मार्ग धरला.

१९२९ मध्ये शस्त्रास्त्रांचे कारखानदार फ्रांतिशेक यानेचेक यांनी प्रागमध्ये वांडररच्या ५०० सीसी मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. यानेचेक यांच्या नावातील पहिली दोन रोमन अक्षरे आणि वांडररमधील पहिली दोन अक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध झाले. पहिले वाहन मजबूत असले तरी महाग होते, आणि जगभर मंदी पसरली होती. तेव्हा कंपनीने १९३२ मध्ये इंग्रजी इंजिन असलेली १७५ सीसीची स्वस्त गाडी काढली आणि तिच्यामुळे कंपनीचा जम बसला. दुसऱ्याचे ज्ञान घेणे ही केवळ सुरुवात असते. ते आपल्या लोकांच्या ऐपतीला आणि गरजेला जुळवणे हे खरे कर्तृत्व.

हाच धडा म्हैसुरात पुन्हा गिरवला गेला. रुस्तम इराणी आणि फरोख इराणी यांनी १९६० मध्ये 'आयडियल जावा' ही कंपनी स्थापन केली. यादवगिरी येथील कारखान्याचे उद्घाटन तत्कालीन राज्यपाल जयचामराजेंद्र वडियार यांनी केले. १९६१ पासून २५० सीसीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्या 'येझ्दी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. एकच दांडा किक आणि गिअर या दोन्ही कामांसाठी वापरायचा, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकीत ओतायचे, हे तिच्या चालकांच्या अंगवळणी पडले. इंजिन टू-स्ट्रोक, रचना साधी. त्यामुळे छोट्या गावातील मेस्त्रीलाही ते उघडून समजून घेता येई.

१९८० च्या दशकात जपानी सहकार्याने हलक्या, कमी इंधन खाणाऱ्या गाड्या आल्या. स्पर्धा कठीण झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. कामगारांच्या हातची रोजीरोटी गेली, हे दुःख कोणत्याही आठवणींच्या गोडव्याने झाकता येणार नाही. मात्र त्या हातांनी घडवलेल्या गाड्या थांबल्या नाहीत. मेस्त्रींनी शिकलेले काम आपल्या शागिर्दांना दिले आणि मालकांनी गाड्या जपल्या. आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीप्रेमी ठिकठिकाणी जमतात. २०१८ मध्ये 'जावा' आणि २०२२ मध्ये 'येझ्दी' ही नावे दुसऱ्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली.

अनेक माजी विद्यार्थ्यांना वडिलांच्या गाडीच्या टाकीवर बसून शाळेत आल्याचे स्मरत असेल. त्या फटफटीच्या आवाजामागे केम्निट्झ, प्राग आणि म्हैसूर या तीन नगरांतील कारागिरांचे श्रम होते. कारखान्याला टाळे लागते. पण एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेल्या विद्येला टाळे लागत नाही.