आर्तुरो जोव्हान्नित्ती : एक अभियोग व दोन भाषा

(१) जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम तीन गोष्टी पाहतो : हा कागद कोणाच्या हातचा, अस्सल कीं नक्कल, आणि मूळ भाषेंतला कीं भाषांतर. हे प्रश्न सनदा, महजर व बखरी यांपुरतेच आहेत असा आपल्यांत एक समज आहे. परंतु एखाद्या माणसाचा जीवच त्याच्या तोंडच्या शब्दांवर टांगलेला असतो, तेव्हां हेच प्रश्न केवळ पांडित्याचे न राहतां जीवनमरणाचे होतात. इ. स. १९१२ सालीं अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत असा एक अभियोग चालला. त्यांतील एक आरोपी, आर्तुरो जोव्हान्नित्ती, हे इटलीहून आलेले मजूर-चळवळीचे कार्यकर्ते व कवि होते. त्यांच्या चरित्राचा विचार प्रस्तुत लेखांत मुख्यतः प्रमाणांच्या दृष्टीनें करावयाचा आहे.

(२) जोव्हान्नित्ती यांचा जन्म ७ जानेवारी १८८४ रोजीं दक्षिण इटलींतील मोलीझे प्रांतांत, कांपोबास्सो जिल्ह्यांतील रिपाबोत्तोनी नांवाच्या डोंगरी गांवीं झाला. १९०० च्या सुमारास, वयाच्या सोळा-सतराव्या वर्षीं, ते कॅनडांत गेले व तेथून पुढें अमेरिकेंत आले. कोळशाच्या खाणींत त्यांनीं कांहीं काळ काम केलें. प्रॉटेस्टंट पंथांतील प्रेस्बिटेरियन शाखेकडे ओढा असल्यामुळें न्यूयॉर्कच्या यूनियन थिऑलॉजिकल सेमिनरींत त्यांनीं धर्मोपदेशकाचें शिक्षण घेतलें, पण पदवी घेतली नाहीं. इटालियन मजुरांच्या वस्त्यांत धर्मप्रचार करितां करितां त्यांचें मन समाजसत्तावादाकडे वळलें, आणि 'इल् प्रोलेतारियो' या इटालियन साप्ताहिकाचें संपादकत्व त्यांच्याकडे आलें. धर्मपीठ त्यांनीं सोडलें खरें. परंतु धर्मोपदेशकाचा गंभीर सूर त्यांच्या गद्यांतून व पद्यांतून अखेरपर्यंत गेला नाहीं.

(३) लॉरेन्स हें मेरिमॅक नदीच्या काठचें लोंकरी व सुती कापडाचें शहर. १९१० च्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या ८५,८९२ भरली. गिरण्यांत इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन, बेल्जियन अशा नाना देशांचे व नाना भाषांचे लोक काम करीत. १ जानेवारी १९१२ पासून स्त्रिया व मुलें यांच्या कामाचे आठवड्याचे तास ५६ वरून ५४ वर आणणारा कायदा अंमलांत आला. मालकांनीं तासांबरोबर मजुरीही कापली. कपात आठवड्यास सुमारें बत्तीस सेंटांची. पण सरासरी मजुरीच जेथें पावणेनऊ डॉलरांच्या आसपास, तेथें तेवढ्यानें घरांतल्या कित्येक पावरोट्या कमी होत. ११ व १२ जानेवारीस संप सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत वीस हजारांहून अधिक मजूर बाहेर पडले. 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ दि वर्ल्ड' या संघटनेचे जोसेफ एटर यांनीं संपाचें नेतृत्व घेतलें. जोव्हान्नित्ती त्यांच्या पाठोपाठ आले, ते मुख्यतः संपकऱ्यांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था लावण्यासाठीं.

(४) संपाच्या दुसऱ्याच आठवड्यांत शहरांत ठिकठिकाणीं डायनामाइट सांपडलें. तें संपकऱ्यांचें असें वृत्तपत्रांनीं लागलीच ठरवून टाकलें. पुढें असें निष्पन्न झालें कीं, तें ठेवविणारा जॉन ब्रीन हा गांवांतलाच एक प्रतिष्ठित गृहस्थ, शाळामंडळाचा सभासद होता. त्यास पांचशें डॉलर दंड झाला, कारावास झाला नाहीं. आपणां संशोधकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें डायनामाइट म्हणजे एक बनावट दस्तऐवजच होय. मालाचें अस्तित्व खरें. त्यावर लाविलेलें कर्त्याचें नांव मात्र खोटें.

(५) २९ जानेवारीस पोलीस व संपकरी यांच्यांतील झटापटींत ॲना लोपिझो ही इटालियन गिरणीकामगार स्त्री गोळी लागून मेली. संपकऱ्यांच्या मतें गोळी पोलिसाची होती. दुसऱ्या दिवशीं जॉन रेमी नांवाचा सीरियन तरुण संगिनीच्या जखमेनें मेला. लोपिझोच्या खुनाबद्दल मात्र एटर व जोव्हान्नित्ती यांस अटक झाली. ते दोघे त्या वेळीं घटनास्थळीं नव्हते, ही गोष्ट वादाची नव्हती. आरोप असा कीं, त्यांच्या भाषणांनीं लोक चेतले, लोक चेतल्यामुळें दंगा झाला, व दंग्यांत खून झाला. म्हणून खुनाचे प्रेरक तेच. जोसेफ कारुसो या तिसऱ्या आरोपीवर प्रत्यक्ष कृत्यांत सामील असल्याचा आळ होता. शब्दांवरून खुनाचा दोष लावण्याची ही रीत अमेरिकेंत नवी नव्हती. शिकागो येथील हेमार्केटच्या स्फोटानंतर ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं चौघांस फांशी झाली, ती याच तर्कानें. त्यामुळें आरोपींच्या मानेशीं फांस किती जवळ आहे, हें सर्वांस ठाऊक होतें.

(६) आतां येथें प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. जोव्हान्नित्ती संपकऱ्यांपुढें बोलत ते बहुधा इटालियन भाषेंत. न्यायालय इंग्रजी व ज्यूरी इंग्रजी. तेव्हां त्यांचें भाषण पंचांपुढें आलें तें ऐकणाऱ्याच्या स्मरणांतून गाळून आणि मग इंग्रजींत उतरवून. संपकऱ्यांनीं रात्रीं रानटी श्वापदांप्रमाणें फिरावें असा उपदेश त्यांनीं केला, असें फिर्यादी पक्षाचें म्हणणें. आरोपीनें तें साफ नाकारलें. नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानलें, पण वक्ता आप्त असला पाहिजे ही अट घातली. येथें मूळ वक्ता एक, त्याचे शब्द सांगणारा दुसरा, आणि तो दुसरा आप्त तर नव्हेच, उलट प्रतिपक्षाचा. एखाद्या बखरीची अशी तिसऱ्या हातची नक्कल आपल्यापुढें आली असती, तर तिच्या आधारें आपण एक शकही निश्चित केला नसता. येथें तिच्या आधारें तीन माणसांचा जीव मागितला जात होता.

(७) महाराष्ट्रीय वाचकास या ठिकाणीं १९०८ सालच्या मुंबईंतील खटल्याचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. लोकमान्य टिळकांवर आरोप होता तो 'केसरी'तील मराठी लेखांवरून. पण ज्यूरीपुढें होतीं तीं त्या लेखांचीं सरकारी इंग्रजी भाषांतरें. तीं भाषांतरें मुळास सोडून आहेत, हा टिळकांच्या बचावांतील एक प्रमुख मुद्दा होता. त्यांनीं स्वतः एकवीस तासांवर भाषण केलें. ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांस दोषी ठरविलें. आणि शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेविलें. दोन खटल्यांचें स्वरूप भिन्न आहे आणि त्यांचा परस्परांशीं संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु एका भाषेंतील शब्दांचा न्याय दुसऱ्या भाषेंत झाला म्हणजे काय होतें, हें समजण्यास आपल्या वाचकांस दूर जावें लागत नाहीं, एवढेंच सुचवावयाचें आहे.

(८) संप मार्चच्या मध्यास मजुरांच्या जयानें संपला व मजुरी वाढली. पण आरोपी तुरुंगांतच राहिले. ३० सप्टेंबर १९१२ रोजीं सेलम येथें खटला उभा राहिला. त्या दिवशीं लॉरेन्समधील सुमारें पंधरा हजार मजुरांनीं निषेधार्थ काम थांबविलें. न्यायालयांत आरोपींस लोखंडी पिंजऱ्यांत बसवीत. २३ नोव्हेंबर रोजीं एटर व जोव्हान्नित्ती यांनीं ज्यूरीपुढें स्वतः भाषणें केलीं. तुमच्या भाषेंत जाहीर बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे, असें जोव्हान्नित्ती यांनीं आरंभींच सांगितलें. त्यांनीं दया मागितली नाहीं. सुटलों तर जेथें पुन्हां संप होईल व आमची गरज भासेल तेथें आम्ही पुन्हां जाऊं, अशा आशयाचें त्यांचें बोलणें होतें. ज्याच्या शब्दांचा विपर्यास हाच अभियोगाचा आधार होता, त्यानें त्या दिवशीं मधला दुभाषी दूर सारला आणि पंचांच्याच भाषेंत आपला अस्सल मजकूर त्यांच्यापुढें ठेविला. २६ नोव्हेंबरला तिन्ही आरोपी निर्दोष सुटले. केवळ या भाषणानें निकाल फिरला असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं, कारण मुळांत पुरावाच दुबळा होता. परंतु या सबंध प्रकरणांत आरोपीच्या स्वतःच्या तोंडचें व निर्विवादपणें त्याचें असें जें साधन उपलब्ध आहे, तें हेंच.

(९) दुसरें अस्सल साधन त्यांच्या तुरुंगांतील लेखनाचें. सुमारें दहा महिन्यांच्या बंदिवासांत त्यांनीं एमील पूजे यांच्या फ्रेंच पुस्तिकेचें इंग्रजी भाषांतर केलें व इंग्रजी कविता लिहिल्या. त्यांतील 'दि वॉकर' या कवितेंत वरच्या कोठडींत रात्रभर येरझारा घालणाऱ्या कैद्याच्या पावलांचा आवाज खालीं जागणारा कवि ऐकतो. त्या तालावर साऱ्या तुरुंगाचें मन हळूहळू एकाच वस्तूपाशीं, एका लहानशा किल्लीपाशीं, येऊन ठेपतें. 'दि केज' ही कविता सेलमच्या पिंजऱ्यावर असून ती जून १९१३ च्या 'अटलांटिक मंथली'त आली. मेलेल्यांनीं केलेला कायदा जिवंतांचा न्याय कसा करितो, हा तिचा विषय. १९१४ सालीं 'ॲरोज इन दि गेल' हा संग्रह निघाला. त्यास अंध-बधिर विदुषी हेलन केलर यांची प्रस्तावना आहे.

(१०) या संपास पुढें 'ब्रेड अँड रोझेस', म्हणजे 'भाकरी आणि गुलाब', असें नांव रूढ झालें. संपकरी मुलींनीं त्या शब्दांचें निशाण मिरविलें, ही कथा सर्वतोमुखी आहे. परंतु त्या नांवाची जेम्स ऑपेनहाइम यांची कविता डिसेंबर १९११ च्या 'अमेरिकन मॅगझिन'मध्यें, म्हणजे संपापूर्वींच, छापून आली होती. निशाणाची गोष्ट लॉरेन्सशीं जोडलेली दिसते ती अप्टन सिंक्लेअर यांच्या १९१५ सालच्या संग्रहांत. दंतकथा सुंदर आहे म्हणून ती प्रमाण होत नाहीं. आणि ती टाकल्यानें संपाची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं, कारण ती बत्तीस सेंटांच्या हिशेबांतच पुरेशी भरलेली आहे.

(११) सुटकेनंतर जोव्हान्नित्ती सत्तेचाळीस वर्षें जगले. पण चरित्रकारांचें लक्ष बहुतेक त्या एका वर्षावरच खिळलेलें असतें. पहिल्या महायुद्धास त्यांनीं विरोध केला. त्यांचे दोन बंधु त्याच युद्धांत पडले. साक्को व वान्झेत्ती यांच्या बचावासाठीं ते झटले. 'इल् प्रोलेतारियो'चेच एक काळचे संपादक एदमोंदो रोस्सोनी इटलीस परतून फॅसिस्ट कामगारसंघांचे प्रमुख झाले. जोव्हान्नित्ती १९२३ सालीं स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेंतील फॅसिस्टविरोधी आघाडीचे चिटणीस झाले. ३१ डिसेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागांत त्यांचें देहावसान झालें.

(१२) त्यांची कीर्ति इंग्रजी शब्दांवर उभी राहिली. जी त्यांची मातृभाषा, जिच्यांत ते मजुरांशीं रोज बोलले, तिच्यांतील लेखन बव्हंशीं साप्ताहिकांच्या ठिसूळ कागदांवर विखुरलें. १९३८ सालीं त्यांच्या इटालियन कवितांचा एक संग्रह निघाला. त्याचें नांव 'पारोले ए सांग्वे', म्हणजे 'शब्द आणि रक्त'. ज्यावर शब्दांनीं रक्त सांडल्याचा आरोप झाला होता, त्यानें हें नांव सहज निवडलें नसेल असें मला वाटतें.

(१३) शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंती. १९०८ च्या मुंबईंतील संपाविषयीं आपणांस जें कळतें, तें बहुतांशीं पोलिसांच्या, सरकारच्या व वृत्तपत्रांच्या तोंडून. संपकऱ्याचें स्वतःचें वाक्य फार थोड्या ठिकाणीं मिळतें. आपण मोडीचीं दप्तरें, ताम्रपट व फर्मानें जिवापाड जपतों, तें योग्यच आहे. परंतु एखाद्या जुन्या चाळींतील पेटीच्या तळाशीं हस्तपत्रिका, वर्गणीची पावती किंवा गांवीं धाडलेलें पत्र सांपडलें, तर तें रद्दींत जाऊं देऊं नये. पुढें कधीं कोणी त्या माणसांच्या वतीनें दुसऱ्याचे शब्द साक्षीस आणील, तेव्हां त्यांचे स्वतःचे शब्द ताडून पाहण्यास कोठें तरी शिल्लक असले पाहिजेत.