माशांतील सामाजिक आक्रमकता व मेंदूतील रसायने

एकाच जातीच्या माशांत क्षेत्र, अन्न, जोडीदार वा श्रेष्ठत्व यांसाठी होणारी धमकी, पाठलाग व झुंज यांस सामाजिक आक्रमकता म्हणतात. भक्ष्यावरील हल्ला तीत मोडत नाही. पनवेल, पेण व अलिबाग परिसरातील खारभूमीच्या तळ्यांत पाळला जाणारा जिताडा आपल्याच जातीची लहान पिले गिळतो, म्हणून बीज आकारमानाप्रमाणे वेगळे करावे लागते; परंतु ते स्वजातिभक्षण होय, श्रेष्ठत्वाची लढत नव्हे.

नीको टिनबर्जेन यांनी १९३० नंतरच्या दशकात स्टिकलबॅक माशावर प्रयोग केले. विणीच्या काळातील नराचे तांबडे पोट प्रतिस्पर्ध्यास हल्ल्यास प्रवृत्त करते, असे त्यांना दिसले. कोनराट लोरेन्ट्स यांनी १९६३ मध्ये आक्रमकता ही आतून साचत जाणारी सहजप्रेरणा मानली. मेंदूत नेमके काय घडते, हे त्या विवेचनात बाजूलाच राहिले.

रसायनांचा धागा वैद्यकातून आला. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. तिच्यातील रिसर्पीन हे अल्कलॉइड १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले व त्यामुळे मेंदूतील सेरोटोनिनाचा साठा रिता होतो, हे १९५५ मध्ये दिसून आले. तथापि रिसर्पिनाने येणारी शांतता एकट्या सेरोटोनिनाच्या नावे मांडणे बरोबर नाही. डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे साठेही त्याने घटतात.

माशांतील चित्र तर उलटच निघाले. स्वीडनमधील स्वांते विनबेर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतर आर्क्टिक चार व रेनबो ट्राउट या माशांचा अभ्यास केला. दुय्यम स्थानावरील माशांच्या मेंदूत सेरोटोनिनाचा वापर अधिक आढळला. लढतीनंतर पहिले काही तास तो दोघांतही वाढतो. एका दिवसात विजेत्यात ओसरतो, पराभूतात टिकून राहतो. म्हणजे रसायन हे वर्तनाचे केवळ कारण नसून सामाजिक पराभवाचा परिणामही आहे. सेरोटोनीन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्ल खाद्यातून सात दिवस जास्त दिल्यास ट्राउटची आक्रमकता कमी होते, असे २००१ मध्ये दाखविण्यात आले.

मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील २००९ च्या अभ्यासात ट्रिप्टोफेनयुक्त खाद्याने दाटीत ठेवलेल्या मृगळ बोटुकल्यांवरील ताण कमी होऊन वाढ सुधारली. मृगळ मुळात भांडखोर नाही; तेथे प्रश्न दाटीचा होता. जिताड्याच्या भक्षणवृत्तीस हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.