परोक्ष धूम्रपान : अमरावती व अकोला (वऱ्हाड)

स्वतः न ओढता दुसऱ्याच्या बिडी, सिगारेट, चिलीम वा हुक्क्याचा धूर श्वासातून घेणे म्हणजे परोक्ष धूम्रपान. यालाच अप्रत्यक्ष वा निष्क्रिय धूम्रपान असेही म्हणतात. या धुरापैकी ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला भाग थोडा असतो. सुमारे 85 टक्के धूर दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून निघतो. तो कमी तापमानावर जळालेला असतो आणि कोणत्याही फिल्टरमधून गेलेला नसतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायने असून त्यांपैकी सुमारे 70 कर्करोगकारक आहेत.

या धुराचा दोष पुराव्यानिशी दाखवणारा पहिला मोठा अभ्यास जपानमधला. ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांची 14 वर्षांची माहिती तपासून 1981 मध्ये निष्कर्ष मांडला : नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी त्यावर वर्षानुवर्षे वाद घातला, पण निष्कर्ष टिकला. न ओढणाऱ्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका या धुराने 20 ते 30 टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो. लहान मुले मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात. त्यांच्यात न्यूमोनिया, दमा, कान फुटणे हे त्रास वाढतात आणि तान्ह्या बाळाच्या अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे वजन कमी भरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न मागे पडण्याचे एक कारण आकड्यांतच आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूररहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के, तर ओढणारे अवघे 3.8 टक्के. विदर्भात तंबाखूची चर्चा निघाली की ती तंबाखू-सुपारीच्या खर्‍यावर जाते आणि तिथेच थांबते. ते समजण्यासारखे आहे, कारण तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो. पण खर्रा खाणारा स्वतःचेच तोंड खराब करतो. बिडी ओढणारा एकटा असला तरी धूर घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. त्याच सर्वेक्षणात देशातल्या 38.7 टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागत असल्याचे सांगितले. सिगारेटपेक्षा बिडी ‘गावरान’, म्हणून कमी घातक, हा समज वऱ्हाडातही आहे आणि तो चुकीचा आहे. तेंदूचे पान हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून झुरके लवकर लवकर मारावे लागतात. निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून सिगारेटपेक्षा जास्त मिळतात.

वऱ्हाडाला धूम्रपानबंदी तशी नवी नाही. अकोला-अमरावती पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात बिडी पेटवायची नाही, हे कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून मजुरालाही ठाऊक आणि मालकालाही. ठिणगी उडाली तर कापसाची गंजी हातची जाते. हा नियम कापसासाठी होता. माणसाच्या फुप्फुसासाठी देशभर तसाच नियम व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या व सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई केली. पुढे सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा, 2003 आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे धूम्रपानमुक्तीचे सुधारित नियम लागू झाले. मोकळी जागा कायद्यातून वगळलेली आहे, पण एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, स्टेडियम ही ठिकाणे उघडी असली तरी नियमांनी ती बंदीत घेतली आहेत. म्हणजे बडनेरा वा मूर्तिजापूरच्या फलाटावर आणि गर्दीने भरलेल्या काळी-पिवळीतही बिडी पेटवणे गुन्हाच. दंड 200 रुपयांपर्यंत. नियमांचा खरा दात मात्र दुसरीकडे आहे : जागेच्या मालकाने वा प्रमुखाने फलक लावायचा, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव लिहायचे आणि राखदाणी, माचिस, लायटर पुरवायचे नाही. तक्रारीनंतरही तो गप्प बसला तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्याच्यावर. पानठेल्यांवर विस्तवासाठी पेटता दोर टांगायची रीत याच नियमांच्या विरुद्ध जाते. लोक ठेल्यालाच टेकून ओढतात आणि धूर शेजारच्या चहाच्या बाकड्यावर जातो. हुक्का पार्लरवर राज्याने 2018 मध्ये कायदा दुरुस्त करून बंदी आणली.

घर या कायद्याच्या बाहेर आहे, आणि बायका-मुलांना सर्वाधिक धूर तिथेच मिळतो. मेळघाटातल्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत थंडीत घराची दारे बंद असतात आणि आत लाकडाची चूल पेटलेली असते. बिडीचा धूर त्यात भर घालतो. तिथल्या बालमृत्यूंमागे न्यूमोनिया हे एक मोठे कारण आहे. त्यात कुपोषण, उशिरा मिळणारे उपचार, चूल असे बरेच काही गुंतलेले असल्याने एकट्या बिडीला दोषी धरता येत नाही. पण तान्हे मूल असलेल्या खोलीतला हा धूर टाळणे सर्वांत स्वस्त.

खिडकी उघडणे, पंखा वा कूलर लावणे, दुसऱ्या खोलीत जाऊन ओढणे यांनी धूर कमी होतो, जात नाही. कपडे, गोधड्या आणि भिंतींवर त्याचा थर राहतो. घर व गाडी पूर्ण धूरमुक्त ठेवणे एवढाच भरवशाचा उपाय. वऱ्हाडी घरात सून सासऱ्यांना ‘मामाजी, बाहेर ओढा’ असे सहसा म्हणत नाही. नातवाने ‘आबाजी, बाहीर जा ना’ म्हटले तर ते चालून जाते, म्हणून शाळेतून मुलांमार्फत पोहोचणारा निरोप इथे दवंडीपेक्षा जास्त कामाचा. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा 2016 पासून चालू आहे. घरात ओढणाऱ्याच्या वतीने बायकोला वा मुलालाही तिथे विचारणा करता येते.