सामिष समोसा आणि मटारची करंजी

ईदच्या अथवा दिवाळीच्या दिवसांत नवी मुंबईतील इमारतींतून रुमालाने झाकलेली ताटे एका दारातून दुसऱ्या दारात जात असतात. सिडकोची स्थापना 1970 साली झाली व खाडीपलीकडील आगरी-कोळ्यांच्या गावांलगत हे नगर वसू लागले. तेव्हापासून एकाच जिन्यावर कोकणी मुसलमान, देशस्थ, गुजराती, पंजाबी अशी बिऱ्हाडे नांदू लागली. ताटात शेवया असोत की लाडू असोत, काय आले ते डोळ्यांना दिसते. समोशाचे मात्र तसे नाही. त्याचे पोट बंद असते. आत खिमा आहे की बटाटा, हे बाहेरून कळण्यास मार्ग नाही. म्हणून शाकाहारी घरातील गृहिणी ते ताट हसतमुखाने घेते खरी, पण मनात चरकते. बाजारच्या पुडक्यावर हिरवा ठिपका असतो. शेजारणीच्या ताटावर तो कोठून असणार?

तिची शंका इतिहासास धरून आहे. समोसा म्हणजे बटाटा, हे समीकरण आज रूढ झाले असले तरी मूळ पदार्थ सामिषच. बगदादच्या मुहंमद बिन हसन ह्या गृहस्थाने इ. स. 1226 मध्ये पाककृतींचा एक ग्रंथ सिद्ध केला, त्यात 'संबूसज' येतो. मसाल्यात शिजविलेले मांस पातळ पोळीच्या पट्टीत त्रिकोणी गुंडाळून तिळाच्या तेलात तळावे, असा त्याचा विधी. परंतु त्याच ठिकाणी साखर-बदामाचे सारण भरलेला एक प्रकारही दिला आहे. तेव्हा कवच एक आणि सारण दोन, ही सोय आठशे वर्षांपूर्वीचीच म्हणावयाची. आपल्या करंजीचे कूळ तेथवर नेऊन भिडविण्याचा मोह कोणासही होईल. पण दोन पदार्थांचे तोंडवळे जुळले म्हणजे नाते सिद्ध होत नाही.

1334 मध्ये दिल्लीस पोचलेल्या इब्न बतूताने मुहंमद तुघलकाच्या पंक्तीतील समोशाचे वर्णन केले आहे. त्यात खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते व कांदा असे. पुढे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त त्याचे मापच देऊन ठेविले: 10 शेर मांसास 4 शेर मैदा, 2 शेर तूप, 1 शेर कांदा आणि पाव शेर आले, शिवाय मिरी, धने, वेलदोडे, जिरे, लवंगा. म्हणजे कवचाच्या अडीचपट मांस! त्याच ग्रंथात मांसरहित पदार्थांचा 'सूफियाना' नावाचा निराळा वर्ग आहे, कारण अकबर बादशहा ठरावीक दिवशी मांस वर्ज्य करीत असे. त्या वर्गातील 'चिखी'साठी 10 शेर पीठ भिजवून, ते धूत धूत 2 शेरांवर आणीत. असा चिवट गोळा चघळताना मांसाचीच आठवण व्हावी. सोयाबीनचा खिमा करून आपण काही नवीन शोध लावला, असे समजणारांनी हे ध्यानात घ्यावे. समोशाला मात्र त्या सात्त्विक वर्गात जागा मिळाली नाही.

बटाटा तेव्हा त्या मुदपाकखान्यात नव्हताच. ते पीक अमेरिकेचे, आणि त्याचे मराठी नाव पोर्तुगीजांकडून आलेले. हैदराबादेत चौकोनी लुखमी खिम्याचीच राहिली. मुंबईत बोहरी घरांतील पातळ पट्टीचा समोसाही तसाच राहिला. जाड कवचाचा, बटाट्याने भरलेला जो प्रकार, त्याला मुंबईकर अद्याप 'पंजाबी समोसा' म्हणतात.

मराठी घरांत ह्या सामिष पदार्थाच्या जागी शोभणारा निरामिष पदार्थ म्हणजे मटारची करंजी. मांसाच्या जागी भाजी घातली की काम झाले, असे समजून जी गृहिणी ती करावयास जाते, तिची करंजी कढईत फुटते. कारण पाणी. खिमा परतला की त्याचे पाणी आटते, चरबी निवून सारण आपोआप धरून राहते. बटाट्यातील पिठूळपणा पाणी शोषून घेतो. मटार यांपैकी काहीच करीत नाही. त्यातील ओलावा तापलेल्या तेलात वाफ होतो आणि कवच उलते. म्हणून मटार अगदी बारीक न वाटता भरड ठेचावेत. हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर आले-मिरचीसह एक वाफ आणून, मग झाकण काढून कोरडे होईतो परतावेत. ओले खोबरे बेतानेच घालावे. चमचाभर भाजलेले बेसन घातल्यास उरलासुरला ओलावा जातो. सारण पूर्ण निवाल्यावाचून भरू नये, हे तर सर्वांत महत्त्वाचे, आणि घाईत नेमके तेच विसरले जाते.

कवचासाठी मैद्यात थोडा रवा व कडकडीत मोहन घालावे. मोहनामुळे पिठाच्या कणांवर तेलाचा लेप बसतो, त्याचे लांब चिवट धागे होत नाहीत, आणि करंजी खुसखुशीत होते. पीठ घट्ट भिजवावे, कडा पाण्याच्या बोटाने नीट दाबून कातणाने कापाव्यात, आणि आच मंद ठेवावी. हिवाळ्यात सासवड-पुरंदरकडील कोवळा वाटाणा मिळाला तर साखरेची चिमूटही लागत नाही.

पुन्हा त्या झाकलेल्या ताटाकडे वळू. जिच्या घरी दोन्ही प्रकार व्हावयाचे आहेत, तिला सर्वांत सोपा उपाय आकाराचा. खिम्याचा त्रिकोणी समोसा आणि मटारची अर्धचंद्राकृती करंजी ठेवली, की शेजारणीला विचारण्याचा संकोच पडत नाही आणि सांगण्याचाही नाही. आकार निराळा असला तरी तेलाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी कढई स्वच्छ घासून, ताज्या तेलात आधी करंज्या तळून वेगळ्या ताटात काढाव्यात आणि मग त्याच तेलात समोसे सोडावेत. उलट क्रम चालत नाही.