उष्टे नाकारणाऱ्यांचा इतिहास आणि कचरापेटीतले अन्न

न्यूयॉर्कमध्ये रात्री दुकाने बंद झाली की फूटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग लागत असत. काही माणसे त्या उघडून आतले पाव, केळी, दह्याचे डबे काढून नेत. अन्न चांगले असे; उद्या मुदत संपणार किंवा सालीवर डाग पडला म्हणून फेकलेले. ही माणसे स्वतःला फ्रीगन म्हणवतात. 'फ्री' आणि 'व्हेगन' या दोन शब्दांतून हे नाव तयार झाले. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडची मुलेही पाहतात आणि 'याला म्हणतात क्रांती' असे लिहून पुढे पाठवतात.

मित्रांनो, क्रांती आहे की नाही हे ठरवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. दुसऱ्याने टाकलेल्या अन्नावर जगण्याचा आपल्याइतका अनुभव जगात फार थोड्यांच्या गाठीशी असेल. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार मोठा आहे.

आधी त्यांच्याशी न्यायाने वागू. 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोत 'डिगर्स' नावाच्या गटाने बागेत फुकट जेवण वाटायला सुरुवात केली. 1980 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये 'फूड नॉट बॉम्ब्स' उभी राहिली. शस्त्रांवर होणारा खर्च आणि दुकानांनी टाकलेले अन्न ही दोन्ही पापे तिने एकत्र मांडली. फ्रीगन याच परंपरेतले. नफ्यासाठी अन्न पिकवणारी व्यवस्था भाव पाडण्यापेक्षा माल फेकणे पसंत करते, म्हणून आम्ही खरेदीवरच बहिष्कार टाकतो, हा त्यांचा युक्तिवाद. तो खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले. आणि ही व्यवस्था किती निर्लज्ज आहे पाहा. जर्मनीत म्युनिकजवळच्या ओल्शिंग गावात 2018 मध्ये दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कचरापेटीतून अन्न काढले. त्यांना चोरीबद्दल दोषी ठरवले गेले, आणि 2020 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही त्यांची तक्रार स्वीकारली नाही. फेकून दिले तरी मालकी सुटत नाही!

आपल्याकडे नेमके उलटे होते. इथे टाकलेले अन्न उचलणे हा गुन्हा नव्हता, न उचलणे हा गुन्हा होता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे आणि मेलेल्यांची वस्त्रे घालावीत, असेही तिथेच आहे. म्हणजे उष्टे हे उपासमारीवरचा उपाय म्हणून आलेले नाही. माणसाची जागा कोणती, हे त्याच्या ताटातून त्याला रोज सांगण्यासाठी ते आले. महाराष्ट्रात त्याला वतनाचे रूप मिळाले. येसकर पाळी ज्याची असेल त्याने काठी-घोंगडी घेऊन दारोदार भाकरीचे तुकडे मागायचे, मेलेले जनावर ओढायचे आणि त्याचे मांस घरी न्यायचे. गाव याला महाराचा 'हक्क' म्हणत असे. हक्क! वेठबिगारीला इतके गोड नाव दुसऱ्या कोणत्या देशाने दिले असेल?

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला आठवते, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, शेतीकडे वळा, असे बजावले होते, हे आपण विसरतो. पाणी घेणे आणि तुकडा नाकारणे ही एकाच लढ्याची दोन अंगे होती. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जळाली. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतने मात्र अखेर 1958 च्या कायद्याने गेली.

यावर विरोधकांचे म्हणणे काय होते? 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ती हकिगत सांगितली आहे. 'केसरी'त कोणीतरी हिशेब मांडला होता की मेलेल्या गुरांचे कातडे, शिंगे, खुरे, हाडे सोडून दिल्याने महारांचे वर्षाला 500 रुपयांचे नुकसान होते आणि आंबेडकर आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देत आहेत. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की फायदा एवढा असेल तर तुम्हीच ते काम करा, वर 500 रुपये मी देतो. कोणी पुढे आले नाही.

हा हिशेब नीट पाहा, कारण तो आजही केला जातो. वाया जाते आहे, कोणाच्या तरी उपयोगी पडेल, मग का नाकारता? प्रश्न उपयोगाचा असता तर हिशेब मांडणाऱ्याच्या घरातही ते मांस शिजले असते.

ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये त्यागी जमीनदाराच्या घरच्या लग्नात आई आपल्या मुलांसाठी थोडे जेवण मागते. उष्ट्याने भरलेली टोपली मिळाली आहे ना, असे तिला सुनावले जाते. ती टोपली तिथेच उलटी करते आणि पुन्हा त्या दारात जात नाही. त्या रात्री अन्न वाया गेलेच, पण तिला अन्नाच्या नासाडीवर व्याख्यान द्यायची कोणाची हिंमत आहे?

फ्रीगनला उद्या कंटाळा आला तर तो दुकानात जाऊन पाव विकत घेईल. कचरापेटी उघडल्याने त्याची जात ठरत नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

म्हणून लग्नात उरलेले जेवण वस्तीत वाटायचे प्रस्ताव जेव्हा आपल्या मंडळांकडे येतात, तेव्हा आधी विचारा: हे वस्तीतच का? ताटात न वाढलेले, ताजे अन्न असेल तर यजमानाच्या सोसायटीत का वाटत नाही? मी सरसकट नाही म्हणा असे सांगत नाही. भुकेल्याला उपदेश करणे हाही एक माज आहे. पण 2013 चा अन्न सुरक्षा कायदा माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क देतो. ज्या वस्तीत रेशनकार्डे अडकली आहेत तिथे टेम्पोभर पुलाव नेणारा कार्यकर्ता तहसील कचेरीत कधी दिसतो का?

पुण्यातल्या कचरावेचक बाया, बहुतेक मातंग आणि बौद्ध, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या. पेटीत हात घालणार नाही, ओला-सुका वेगळा करून आमच्या हातात द्या, आणि या कामाचे ओळखपत्र व पैसे द्या, ही त्यांची मागणी होती. 2008 पासून 'स्वच्छ' या स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत त्या महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेतात आणि त्याचे शुल्क मागतात.